आजीची परीक्षा कुठल्या भाषेत घ्यायची? स्मृतिभ्रंशाच्या निदानाचा इतिहास

काही वर्षांपूर्वी बहात्तर वर्षांच्या एका आजींना त्यांची मुलगी माझ्याकडे घेऊन आली. ओळख पटू नये म्हणून मी काही तपशील बदलले आहेत. आजी मूळच्या सोलापूरच्या, घरची भाषा तेलुगू. आयुष्यभर विड्या वळल्या, शाळेचं तोंड पाहिलं नाही. नवरा गेल्यावर त्या श्रीपूरला मुलीकडे राहायला आल्या. हातात एका मोठ्या शहरातल्या दवाखान्याची फाइल होती. तीसपैकी तेरा गुण, आणि खाली निदान: डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश. गोळ्या सुरू झाल्या होत्या. घरच्यांनी आजींकडची कपाटाची किल्ली काढून घेतली होती आणि त्यांच्या हातात पैसे देणंही बंद केलं होतं.

मी विचारलं, "परीक्षा कुठल्या भाषेत घेतली?" मुलगी म्हणाली, "हिंदीत. मधेमधे मी मराठीत सांगत होते."

दुसरे रुग्ण एक निवृत्त गुरुजी. त्यांच्या पत्नी म्हणत होत्या, "डॉक्टर, हे पूर्वीसारखे राहिले नाहीत. हिशोबाची वही लिहायची सोडली. परवा बाजारातून घरी येताना चुकले." मी तीच तीस गुणांची परीक्षा मराठीत घेतली. गुरुजींनी अठ्ठावीस मिळवले. मी म्हणालो, "वय झालंय, काळजी करू नका." पुढच्या दोन वर्षांत गुरुजींनी एकाच माणसाला तीनदा पैसे उसने दिले आणि तिन्ही वेळा विसरले. तो स्मृतिभ्रंशच होता. चूक माझी होती.

एकीकडे आजार नसताना शिक्का बसला आणि दुसरीकडे आजार असून सुटला. परीक्षा मात्र एकच होती. असं का होतं हे समजून घ्यायचं, तर ही परीक्षा कुठून आली ते पाहावं लागतं.

फ्रँकफर्टमधली पहिली तपासणी

१९०१ च्या नोव्हेंबरात जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्ट डेटर नावाच्या ५१ वर्षांच्या बाईंना दाखल केलं गेलं. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी त्यांना नाव विचारलं, नवऱ्याचं नाव विचारलं, वस्तू दाखवून त्या ओळखायला सांगितल्या, स्वतःचं नाव लिहायला सांगितलं. उत्तरं ते जशीच्या तशी टिपून ठेवत होते. १९०६ मध्ये बाई वारल्या. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ट्युबिंगेन इथल्या सभेत अल्झायमर यांनी त्यांच्या मेंदूत सापडलेले बदल मांडले. १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमर यांचं नाव दिलं.

या गोष्टीतला एक साधा मुद्दा सहसा कुणी सांगत नाही. डॉक्टर आणि रुग्ण दोघंही जर्मन बोलणारे होते. रुग्णाला लिहिता येत होतं. नवऱ्याकडून डॉक्टरांना आधीची हकिकतही कळत होती. प्रश्न समजला नाही म्हणून उत्तर चुकलं असेल, अशी शंका घ्यायला तिथे जागा नव्हती. आपल्याकडे ती शंका पहिल्या प्रश्नापासून घ्यावी लागते.

तीस गुणांचा पेपर

१९७५ मध्ये अमेरिकेत मार्शल फोल्स्टाइन, सुझन फोल्स्टाइन आणि पॉल मॅकह्यू यांनी एक छोटी परीक्षा प्रसिद्ध केली. तिचं नाव मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन. पाच-दहा मिनिटांत होणारी, तीस गुणांची. आज तारीख कोणती, आपण कुठे आहोत, तीन शब्द लक्षात ठेवा, शंभरातून सात वजा करत जा, हे वाक्य पुन्हा म्हणा, कागदावर लिहिलेली सूचना वाचून तसं करा, एक वाक्य लिहा, दोन पंचकोनांची ही आकृती काढा. चोवीसच्या खाली गुण आले की शंका घ्यायची, असा प्रघात पडला. सोपी असल्यामुळे ती जगभर पसरली.

पण हा पेपर शाळेत गेलेल्या माणसासाठी काढलेला होता. खुद्द अमेरिकेतच १९९३ मध्ये अठरा हजारांहून अधिक लोकांचे गुण शिक्षणानुसार तपासले गेले. नऊ किंवा जास्त वर्षं शिकलेल्यांचा मध्यांक २९ होता, पाच ते आठ वर्षं शिकलेल्यांचा २६ आणि चार वर्षांपर्यंतच शिकलेल्यांचा २२. म्हणजे कमी शिकलेल्यांपैकी निम्मे लोक चोवीसच्या रेषेखालीच होते. ते सगळे काही स्मृतिभ्रंशाचे रुग्ण नव्हते.

याची दुसरी बाजू माझ्या गुरुजींची. जन्मभर पाटीवर गणितं घातलेल्या माणसाला शंभरातून सात वजा करणं इतकं अंगवळणी पडलेलं असतं की आजार सुरू झाल्यावरही तो बराच काळ पेपर सोडवून दाखवतो.

शिक्षणाइतकाच भाषेचाही फरक पडतो. शंभरातून सात वजा करताना ७९ येतात. मराठीत आपण म्हणतो 'एकोणऐंशी', म्हणजे ऐंशीला एक कमी. तेलुगूत तेच 'डेब्बै तोम्मिदि', म्हणजे सत्तर आणि नऊ. कन्नडमध्येही सत्तर आणि नऊच. तेलुगूत गिरवलेले आकडे ज्याच्या डोक्यात आहेत, त्याला मराठीत वजाबाकी विचारली तर त्याला आधी भाषांतर करावं लागतं आणि मग गणित. मूळ परीक्षेतल्या 'इफ', 'अँड' आणि 'बट' असलेल्या वाक्याचं शब्दशः मराठी केलं तर ते वाक्यच राहत नाही. आपल्याकडे त्याच कामाला 'जर-तर' आणि 'पण-परंतु' आहेत.

शांघाय आणि बल्लभगढ

हा प्रश्न आशियात आधी ओळखला गेला तो चीनमध्ये. शांघायमधल्या पाहणीसाठी परीक्षेचं चिनी रूप केलं, तेव्हा निरक्षरांची संख्या मोठी असल्याने एक रेषा चालेना. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात तीन वेगळ्या रेषा आखल्या गेल्या. शाळेत न गेलेल्यांसाठी १७, प्राथमिक शिक्षण झालेल्यांसाठी २० आणि त्यापुढे शिकलेल्यांसाठी २४. परीक्षा एकच ठेवून उत्तीर्ण व्हायचे गुण बदलले.

हरियाणातल्या बल्लभगढला त्याही पुढचं पाऊल पडलं. तिथे भारत आणि अमेरिकेच्या संशोधकांनी ५५ वर्षांवरील ५,१२६ ग्रामस्थांची पाहणी केली. त्यातले ७३ टक्के निरक्षर होते. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिंदी परीक्षेत प्रश्नच बदलले. कागदावरची 'डोळे मिटा' ही सूचना वाचायला लावण्याऐवजी तपासणारा म्हणतो, माझ्याकडे बघा आणि मी करतो तसं करा, आणि डोळे मिटतो. वाक्य लिहायला सांगण्याऐवजी तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा, असं विचारलं. स्पेलिंग उलट म्हणण्याऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगितले.

प्रश्न जीवनाजवळ आले की उत्तरंही येतात. आपल्या माळशिरस तालुक्यात एखाद्या आजींना इंग्रजी तारीख सांगता येणार नाही, पण एकादशीला किती दिवस उरलेत आणि तुकोबांची पालखी अकलूजला येऊन गेली का, हे त्या बिनचूक सांगतील. काळाचं भान तपासायचं असेल, तर ते भान ज्या दिनदर्शिकेवर चालतं तिथेच तपासलं पाहिजे.

आकडे जुळेनात

बल्लभगढचा निकाल १९९८ मध्ये आला. ६५ वर्षांवरील लोकांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण अवघं १.३६ टक्के. २००१ मध्ये मुंबईची पाहणी प्रसिद्ध झाली. चाळीस वर्षांवरील २४,४८८ लोक तपासले होते आणि ६५ वर्षांवरील गटात प्रमाण २.४४ टक्के निघालं. २०१० मध्ये पुण्याच्या पाहणीत ६५ वर्षांवरील गटातच ४.१ टक्के.

बल्लभगढपासून पुण्यापर्यंत प्रमाण तिप्पट कसं झालं? आहार, आयुर्मान, आनुवंशिकता यांचा वाटा असू शकतो. पण मोजपट्टी वेगळी असल्याचाही असू शकतो. तो किती, हे कळण्यासाठी त्याच माणसांना दोन पट्ट्या लावून बघायला हव्या होत्या.

ते काम ज्या गटाने केलं त्याची सुरुवात १९९८ मध्ये कोचीत झाली. त्याचं नाव '१०/६६'. स्मृतिभ्रंशाचे ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत असतात, पण दहा टक्क्यांहूनही कमी संशोधन तिथे होतं, म्हणून हे नाव. त्यांनी आधी २५ केंद्रांवर नवी पद्धत पारखून घेतली आणि ती २००३ मध्ये मांडली. तिचे तीन भाग होते. रुग्णाची शिक्षणावर कमी अवलंबून असलेली परीक्षा, दहा शब्दांची यादी आठवण्याची चाचणी आणि मानसिक स्थितीची मुलाखत. त्याबरोबर घरच्या माणसाची स्वतंत्र मुलाखत. या सगळ्यांचा मेळ घालून निदान करायचं.

मग चीन, भारत आणि लॅटिन अमेरिकेतल्या अनेक ठिकाणी ६५ वर्षांवरील लोकांना दोन्ही पट्ट्या लावल्या. निकाल २००८ मध्ये आला. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या १९९४ च्या निकषांनी ग्रामीण भारतात प्रमाण ०.३ टक्के निघालं आणि क्यूबात ६.३ टक्के. म्हणजे वीसपटींहून जास्त फरक. १०/६६ च्या पद्धतीने मात्र कुठल्याही ठिकाणी प्रमाण ५.६ टक्क्यांहून कमी नव्हतं आणि ११.७ टक्क्यांहून जास्त नव्हतं. माणसं तीच, गावं तीच.

ग्रामीण भारतातले रुग्ण जुन्या पट्टीतून निसटले कसे? त्या निकषांत एक अट आहे. विस्मरणामुळे रोजच्या कामात आणि लोकांत वावरताना अडचण आल्याचं दिसलं पाहिजे. ते सांगायचं घरच्यांनी. एकत्र कुटुंबात सत्तरीच्या माणसाकडून कामाची अपेक्षाच उरलेली नसते. भाकरी ताटात येते, औषध सून देते, बाजार नातू करतो. मग "काही अडचण?" असं विचारलं की घरचे म्हणतात, "नाही, वयाप्रमाणे चाललंय."

नवी पद्धत उगाच जास्त लोकांना रुग्ण ठरवत होती का? चेन्नईत तीन वर्षांनी त्याच लोकांकडे परत जाऊन पाहिलं गेलं. ज्यांना या पद्धतीने स्मृतिभ्रंश असल्याचं ठरवलं होतं, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण इतरांहून जास्त होतं आणि जे हयात होते त्यांची स्थिती खालावलेली होती. निदान पोकळ नव्हतं.

सिंगापूरमध्ये चिनी, मलय आणि तमिळ भाषिक शेजारी शेजारी राहतात. तिथे ६० वर्षांवरील लोकांची अशीच पाहणी झाली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल असा: १०/६६ च्या पद्धतीने १० टक्के, जुन्या निकषांनी ४.६ टक्के. श्रीमंत देशातही पट्टी बदलली की आकडा दुप्पट होतो.

साठी बुद्धी नाठी

निदानाच्याही आधी एक गाळणी असते, ती बोलीभाषेची. आपण म्हणतो 'साठी बुद्धी नाठी'. हिंदीत 'सठियाना'. कन्नडमध्ये 'अरवत्तक्के अरळु मरळु', म्हणजे साठीला भ्रम. तेलुगूत नुसतंच 'मतिमरुपु', म्हणजे विसरभोळेपणा. सोलापूर जिल्ह्यातल्या शेजाऱ्याशेजाऱ्यांनी वेगवेगळ्या भाषांत जवळजवळ एकच समजूत करून ठेवली आहे: हे वयाचं आहे, आजार नाही. मग दवाखान्यात कोण आणणार?

विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी गोव्यात लोकांशी बोलून २००१ मध्ये हेच मांडलं. स्मृतिभ्रंशाच्या माणसाचं वर्णन केलं की लोक लगेच ओळखत, पण त्याला वैद्यकीय आजार मानत नसत. त्याच गोव्यात पुढे अमित डायस आणि सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांत प्रयोग केला. थोडं प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते घरी जाऊन आजार समजावत, सांभाळ कसा करायचा ते सांगत. २००८ च्या अहवालात, सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारल्याचं दिसलं. मोठं यंत्र लागलं नाही, महागडं औषध लागलं नाही. निदान मात्र आधी व्हावं लागलं.

जपानने २००४ मध्ये आजाराचं सरकारी नावच बदललं. जुन्या 'चिहो' या शब्दात मूर्खपणाची छटा होती, म्हणून 'निन्चिशो' हा शब्द आणला. नाव अपमानाचं असेल तर माणसं दार लावून घेतात.

आता आपण कुठे आहोत?

भारतातला सर्वात अलीकडचा मोठा आकडा २०२३ मध्ये आला. देशव्यापी पाहणीनुसार ६० वर्षांवरील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. महिलांत आणि ग्रामीण भागात प्रमाण जास्त. या पाहणीतली एक रीत मला फार आवडली. एकाच रुग्णाची माहिती वेगवेगळे डॉक्टर स्वतंत्रपणे पाहत आणि मतभेद झाला तर ऑनलाइन बैठकीत चर्चा करून ठरवत. तज्ज्ञांचीही मतं जुळत नाहीत हे आधीच गृहीत धरलं होतं.

भाषांचंही काम पुढे गेलं आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने निरक्षर आणि साक्षर दोघांसाठी एकसारख्या चाचण्यांचा संच तयार करायला घेतला. पहिल्या भाषा होत्या हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम. २०२० मध्ये ॲडनब्रूक्स या प्रसिद्ध चाचणीची सात भारतीय रूपं एकत्र पारखलेली प्रसिद्ध झाली: हिंदी, तेलुगू, कन्नड, मल्याळम, उर्दू, तमिळ आणि भारतीय इंग्रजी. सोलापूरच्या गल्लीत ऐकू येणाऱ्या चार भाषांपैकी तेलुगू, कन्नड, उर्दू या यादीत आहेत. मराठी नाही. काही चाचण्यांची मराठी रूपं वापरात आहेत, पण शेजारच्या भाषांशी एकाच पट्टीवर ताडून पाहण्याचं काम मराठीसाठीही व्हायला हवं.

अनेक भाषा ही फक्त अडचण नाही. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. २०१३ मध्ये त्यांनी दाखवलं की दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंश सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाला होता. शाळेत न गेलेल्यांतही हा फरक दिसला. घरात एक आणि बाजारात दुसरी भाषा बोलणारी आजी 'अडाणी' नसते. तिचा मेंदू रोज तालीम करत असतो.

घरच्यांनी काय करावं

* परीक्षा रुग्णाच्या घरच्या भाषेत घ्यायला सांगा. कोणत्या भाषेत झाली आणि रुग्ण किती शिकलेला आहे, हे गुणांशेजारी लिहून घ्या.
* दुभाषी म्हणून शक्यतो मुलगा-मुलगी नको. प्रेमापोटी आपण उत्तर सुचवतो. शेजारचं कुणीतरी बरं.
* परीक्षेआधी कानातला मळ, चष्मा, श्रवणयंत्र पाहा. ऐकू न आलेला प्रश्न चुकतोच.
* "विसरतात" एवढंच सांगू नका. गेल्या वर्षी करत होते आणि आता जमत नाही, अशी कामं सांगा: पैसे मोजणं, औषधं घेणं, स्वयंपाकाचा क्रम, ओळखीचा रस्ता, देवपूजा.
* बी-१२, थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या आणि इतर काही गोळ्या, दारू, काही आठवड्यांपूर्वीचा डोक्याला मार, हे सगळं तपासून घ्या. यांतल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत.
* एक-दोन दिवसांत अचानक गोंधळ सुरू झाला, तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. तो बहुधा जंतुसंसर्ग, साखर किंवा क्षार कमी-जास्त होणं असतं.
* पहिला निकाल अखेरचा मानू नका. सहा महिन्यांनी तीच परीक्षा त्याच भाषेत पुन्हा घ्या. एका आकड्यापेक्षा दोन आकड्यांमधला फरक जास्त सांगतो.
* सुरू असलेल्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. शंका असेल तर डॉक्टरांशी बोला.

त्या आजींचं पुढे काय झालं? कॉलनीतल्या एका तेलुगू बाईंना बोलावलं. आधी कान साफ केले. मग प्रश्न तेलुगूतून विचारले. हजार विड्यांना किती मजुरी मिळायची आणि त्यातून दुकानदार किती विड्या खराब म्हणून काढून टाकायचा, याचा हिशोब आजींनी बोटांवर करून दाखवला. रक्तात बी-१२ फारच कमी होतं आणि नवरा गेल्याचं दुःख मनात साठलं होतं. दोन्हींवर उपचार केले. स्मृतिभ्रंशाची गोळी तज्ज्ञांना विचारून थांबवली. वर्षभराने आजी थोडं विसरत होत्या, पण घर चालवत होत्या. कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला परत आली होती.

गुरुजींच्या पत्नींची मात्र मी माफी मागितली. त्यांनी पहिल्याच दिवशी निदान सांगितलं होतं. मी आकड्याकडे पाहत बसलो. तेव्हापासून परीक्षेचा कागद काढायच्या आधी मी घरच्या माणसाला समोर बसवतो आणि विचारतो, "सांगा, काय बदललंय?"